प्रार्थना करूनही मनाला शांती नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. बाकीच्यांनाही उपयोग होईल म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. वर्षभरापूर्वी तुमची आई कॅन्सरने गेली, तिच्यासाठी अख्ख्या ग्रुपने उपवास-प्रार्थना केली होती तरी गेली. त्यात मिस्टरांची चाकणची नोकरी सुटली, घराचे हप्ते थकायला लागले, रात्री दोन-तीनला जाग येते ती सकाळपर्यंत डोळा लागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, पण प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एका बाईंनी सांगितलं की गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी आहे आणि आईसुद्धा त्याचमुळे गेली. आता तुम्हाला देवाचाच राग येतो, तो राग पाप आहे असं वाटतं, म्हणून तुम्ही चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेणं बंद केलंय. आणि शेवटी विचारलंय की येशू शांती देतो म्हणतात, ती मलाच का मिळत नाही.

आधी अर्जंट गोष्ट. गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना न विचारता एक दिवससुद्धा नाही. का ते खाली सांगतो, पण बाकीचं वाचायच्या आधी एवढं ऐका.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून आणि त्याच्या आधी मिशन दवाखान्यात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांचा पाळक, म्हणून जन्म काढलाय, वॉर्डात, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर, कबरस्तानातून परत येताना गाडीत, हेच प्रश्न ऐकत. आणि 'मला शांती का नाही' असं विचारणारी माणसं विश्वासाने कच्ची असतात असं मला कधीच दिसलं नाही. ज्याचा देवाशी काही संबंधच उरला नाही त्याला देवाचा राग कशाला येईल? तुम्ही अजून त्याच्याशी भांडताय म्हणजे बोलणं चालू आहे.

आता रागाचं बघू. आपल्याकडे चर्चमध्ये एक विचित्र सवय लागलीय, कुणी 'कसे आहात' विचारलं की 'देवाच्या कृपेने छान' एवढंच म्हणायचं, घरात काय चाललंय ते नाही सांगायचं, आणि साक्ष द्यायला उभं राहायचं तर ते सगळं सुटल्यावरच, मधल्या दिवसांची साक्ष कुणी देतच नाही. पण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघा की. त्यातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी निव्वळ गाऱ्हाणी आहेत. १३वं स्तोत्र जेमतेम ६ ओवींचं, त्यात सुरुवातीलाच 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. ८८वं तर त्याहून पुढचं, त्यात शेवटी 'पण तरीही मी स्तुती करीन' असं वळणसुद्धा नाही, अंधारावरच संपतं. ज्यांनी हे ग्रंथात ठेवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं, नाही काढलं. हजारो वर्षं लोक उपासनेत ते वाचत आलेत.

एक प्रसंग सांगतो. आमच्या दवाखान्यात एक बाई होत्या, मुलाचा मोटरसायकलवर अपघात झालेला, तो व्हेंटिलेटरवर. मी प्रार्थना करू का विचारलं तर म्हणाल्या, करा तुम्ही, माझ्या तोंडात आता नुसत्या शिव्या येतात. बोलताना हातात दवाखान्याची ती राखाडी चादर होती, तिची घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. मी काही समजवायला गेलो नाही, ८८वं स्तोत्र काढलं आणि सावकाश वाचलं, मध्ये थांबलो नाही. त्यांनी चादर खाली ठेवली आणि विचारलं, 'हे बायबलात आहे?' मी पान दाखवलं. म्हटल्या परत वाचा. मुलगा वाचला का असं तुम्ही विचाराल, नाही वाचला. पण त्या बाई पुढे कितीतरी दिवस दवाखान्यात येऊन दुसऱ्यांच्या नातेवाइकांपाशी बसायच्या, आणि त्यांना हेच स्तोत्र वाचून दाखवायच्या, नेहमीचं दिलाशाचं २३वं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ', ते नाही. मला तरी तिथं शांती दिसली, जरी त्या बाईंचे डोळे शेवटपर्यंत भरलेलेच असायचे.

गुड फ्रायडेला आपण बारा ते तीन बसून वधस्तंभावरच्या येशूचे सात उद्गार ऐकतो ना, त्यातला चौथा उद्गार काय आहे? 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे मरताना येशूने गाऱ्हाण्याच्या स्तोत्रातली ओळ उचलली. त्याच्या तोंडी जी ओळ चालते ती तुमच्या तोंडी पाप कशी होईल? आणि बायबलातलं ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचा, चांगला माणूस, मुलं-संपत्ती-तब्येत सगळं गेलेला, लोक पहिले दोन अध्याय वाचतात आणि एकदम शेवटच्या अध्यायातली दुप्पट संपत्ती सांगतात, मधली पस्तीस-चाळीस पानं कोण वाचणार. त्या मधल्या अध्यायांत ईयोब देवाला काय काय बोललाय ते मोठ्याने वाचायची आपली हिंमत होणार नाही. तरी शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नाही, त्या मित्रांवर, जे धार्मिक भाषेत सांगत होते की तुझंच काहीतरी चुकलं असणार. ४२व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय, माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं बरोबर बोलला नाहीत. तुमच्या ग्रुपमधल्या बाईंचं वाक्य त्या मित्रांच्या वाक्याशी ताडून बघा. त्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली होती, सुरुवातीला सात दिवस नुसते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तोंड उघडलं नाही. उघडलं आणि बिघडलं.

आणि हे मी जरा कडक शब्दांत लिहितो, कारण आजकाल हे फार वाढलंय. 'विश्वास कमी पडला म्हणून माणूस मेला' हे वाक्य ख्रिस्ती शिकवण नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या शरीरात कसला तरी काटा होता, त्याने तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का? यूट्यूबवर मोठमोठ्या सभांचे व्हिडिओ फिरतात त्यात बरे झालेले लोक स्टेजवर येतात, जे बरे होत नाहीत ते गुपचूप रिक्षा करून घरी जातात, त्यांना माईक कोण देणार. मी त्यांच्या घरी गेलोय. तुमच्या आई प्रभूत झोपी गेल्या, कॅन्सरने गेल्या, तुमच्यामुळे नाही गेल्या.

बरं, आता शांतीचं वचन. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, सहा आणि सात ओवी, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका', रोज सकाळी कुणीतरी गुलाबाच्या फोटोवर टाकून पाठवतं. तुम्ही लिहिलंय की आता ते वचन बघितलं तरी चिडचिड होते कारण चिंता न करणं काही तुमच्या हातात नाही. मला ते पटतं. फोटोवर टाकलेलं वचन ऑर्डरसारखं वाटतं. पण एकदा ते सगळं पत्र सलग वाचा, चारच अध्याय आहेत, चहा गार व्हायच्या आत होतं वाचून. लिहिणारा पौल तुरुंगात बेड्यांमध्ये आहे आणि निकाल जगण्याचा लागणार की मरण्याचा हे त्याला माहीत नाही. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याचं आजारपण आहे, मरायला टेकला होता, आणि पौल काय म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली, माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे तो गेला असता तर पौल रडला असता, 'हालेलूया, वर गेला' म्हणून टाळ्या वाजवल्या नसत्या. मग चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन बायकांचं भांडण आहे, युवदीया आणि सुंतुखे, दोघी मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, चांगलं काम केलेल्या, आता पटत नाही, आणि पौल त्यांना नावानिशी विनवतो की एकचित्त व्हा. शांतीचं वचन त्यानंतर चार ओवींवर आहे! आणि त्याच्यानंतर लगेच पैशांचा विषय, फिलिप्पैच्या लोकांनी त्याच्या अडचणीत मदत पाठवली, थेस्सलनीकात असतानाही एकदोनदा पाठवली होती, त्याबद्दल आभार.

म्हणजे बघा, आजारपण, चर्चमधली भांडणं, पैशांची ओढाताण, सगळं त्याच पत्रात आहे, तुमच्या घरात आहे तसंच. ह्या सगळ्याच्या मधोमध बसून तो म्हणतो की तुमची मागणी देवाला कळवा, आणि मग देवाची शांती तुमचं अंतःकरण राखील. राखण आपण करायची नाहीये. मला ह्या वचनातली हीच बाजू महत्त्वाची वाटते. आपलं काम कळवायचं, राखायचं काम त्याचं. तुम्ही दोन्ही कामं स्वतःकडे घेतलीयत म्हणून दमताय, प्रार्थनेला बसता आणि दर पाच मिनिटांनी चेक करता, आली का शांती, नाही आली, परत जोरात प्रार्थना. दोन तास अशी प्रार्थना केली तर माणूस जास्तच अस्वस्थ होऊन उठतो. दहा मिनिटं करा. खरंच सांगतोय.

आणि त्याला वेळ लागतो, हे कुणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंचं बघा ना. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली हे सगळं आपल्याला माहीत असतं, १५ ऑगस्टच्या भाषणात पण सांगतात. पण त्यांच्या आयुष्यातले मृत्यू लागोपाठ मांडले तर छाती दडपते. आई-वडील दुष्काळात गेले १८७४ ला, बहीण त्यानंतर, भाऊ १८८० ला, त्याच वर्षी लग्न आणि १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल झालं, आता शांती. पण त्यांनी स्वतःच्या साक्षीत स्वच्छ लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं ख्रिस्ती धर्म हाती लागला होता पण खुद्द ख्रिस्त नाही, मनाचं समाधान १८९१ च्या सुमाराला मिळालं. आठ वर्षं! एवढी विद्वान बाई, मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करणारी. आणि समाधान मिळाल्यावर दुःखं थांबली का? १९२१ ला मनोरमा गेली, हाताशी आलेली एकुलती मुलगी, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि त्या मधल्या महिन्यांत त्या भाषांतराचं काम पुरं करत होत्या. मला ही शेवटची गोष्ट फार मोठी वाटते. मुलगी गेल्यावर त्या बाईंना किती रडू आलं असेल ते आपल्याला कळायला मार्ग नाही, पण सकाळी उठून प्रुफं तपासत होत्या. मी शांती म्हणतो ती साधारण अशी असते, मन हलकंफुलकं नसतं पण आजचं काम हातून होतं.

आता रात्रीचं. हे मी जरा डिटेलमध्ये लिहितो कारण बहुतेकांना नेमकं काय करायचं हेच कुणी सांगितलेलं नसतं, 'प्रार्थना करा' म्हणून फोन ठेवतात.

दोन वाजता जाग आली की मोबाईल हातात घेऊ नका, बायबल ॲपसाठी पण नको, ॲप उघडेपर्यंत वरती बँकेचा मेसेज दिसतोच. लोळत राहू नका, उठून बसा, पाय फरशीला टेकवा, घोटभर पाणी प्या. मग एकच ओळ घ्या, लांबलचक प्रार्थना त्या वेळेला जमत नाही आणि जमवायचीही नाही. श्वास घेताना मनात 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', सोडताना 'मला काही उणे पडणार नाही'. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. त्याने शरीर खरंच सैल पडतं, छातीतली धडधड कमी होते, ह्यात काही चमत्कार नाही, देवाने शरीर तसंच केलंय. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांमधून शेकडो वर्षं लोक असंच 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' एवढी एक ओळ घोळवत आलेत. वसईकडच्या आपल्या कॅथलिक लोकांना रोझरीची सवय असते, त्यांना हे पटकन समजतं, आपल्या प्रोटेस्टंट लोकांना लगेच शंका येते की ही तर जपमाळ झाली, येशूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय. अहो पण पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तीनदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली असं मत्तयाने लिहिलंय, आणि १३६व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि सव्वीसच्या सव्वीस ओव्यांत तेच धृपद आहे. घाबरलेल्या माणसाला नवीन वाक्यं सुचत नाहीत, तीच तीच सुचतात. देवाला ते चालतं.

तरी झोप नाही आली तर? नाही आली तर नाही आली. मंद दिवा लावून आपलं भजनांचं पुस्तक 'उपासना संगीत' घ्या आणि रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन हळू आवाजात गुणगुणा, चाल येत असेल ते. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते, पाठीवर फटक्यांच्या जखमा असताना, म्हणजे झोप त्यांनाही येत नसणारच.

दिवसा एक वही करा. साधी, दुकानात मिळते ती. आपली प्रार्थना फार मोघम असते, 'देवा माझं टेन्शन दूर कर'. हिज्कीया राजाची गोष्ट आठवते का, अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि देवापुढे उघडून पसरलं. मला हे फार आवडतं. तुम्ही बँकेचं पत्र टेबलावर पसरा आणि त्याच्यावर बोट ठेवून प्रार्थना करा. वहीत लिहा, सात तारखेला हप्ता आहे, खात्यात इतके आहेत, इतके कमी पडतायत. आकडा लिहा. चिंता मोघम असते तोपर्यंत घरभर फिरते, आकडा लिहिला की ती कागदाएवढी होते, मग त्याच्याबद्दल मागताही येतं आणि उद्या कुणाला फोन करायचा तेही सुचतं. आणि फोन कराच, हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोलणं आणि चुकल्यावर बोलणं ह्यात खूप फरक पडतो. मिस्टरांना बरोबर न्या, नोकरी गेलेला माणूस घरात गप्प बसतो तेव्हा तो रागावलेला नसतो, लाजलेला असतो.

आणि फक्त आजचं मागा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणतो, पुढच्या वर्षभराच्या भाकरीचं मागायला त्याने शिकवलेलंच नाही. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, पडायचा तेव्हाही तसंच, दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे', हे येशूने म्हटलंय, आणि त्यात दुःख नाहीच असं नाही म्हटलेलं, पुरे एवढं आहे म्हटलंय. तुम्ही रात्री दोन वाजता पुढच्या पाच वर्षांचं दुःख एकदम उचलायला जाता, मुलांची फी, घर जाईल, म्हातारपण. ते कुणालाच उचलणार नाही.

आभार पण माना, पण इथं एक गडबड होते ती सांगतो. आई गेली म्हणून आभार मानायचे नाहीत. नोकरी गेली म्हणूनही नाही. असं करणारे लोक मी पाहिलेत, ते आतून मोडतात. त्या दिवसात जे खरंच बरं झालं तेवढ्याचे माना. आज नळाला पाणी वेळेवर आलं, मुलीने न सांगता भांडी घासली, शेजारणीने डबा दिला. बस्स.

गोळ्यांकडे येतो. एलीयाची गोष्ट १ राजे १९ मध्ये आहे. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढं काम करून आलेला, आणि लगेच पुढच्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय सांगितलं? काहीच नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवलं, उशापाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, खा म्हणाला. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खायला दिलं. बोलणं कितीतरी पुढे, चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर, आणि तिथेही आधी विचारलं की तू इथं काय करतोस, त्याचं ऐकून घेतलं. झोप आणि जेवण आधी, उपदेश नंतर. तुम्ही महिनोन्महिने नीट झोपलेल्या नाही आणि वर उपवास करताय! उपवास सध्या थांबवा. देव रागावणार नाही.

आणि तोच हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा देवाने तू बरा होशील असं सांगितलं, तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला. देवाचं वचन मिळालं आणि औषधही लावलं, त्या दोघांना त्यात काही खटकलं नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आणि आपण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनी तर औषधाला नावं ठेवूच नयेत. मिरजेला डॉ. वॉनलेसांनी १८९४ ला दवाखाना सुरू केला, नगरला साल्वेशन आर्मीचा बूथ दवाखाना आहे, आपल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांना सुवार्ता आणि औषध एकाच दारातून मिळालंय. डिप्रेशन, अँक्झायटी हे बीपी-शुगरसारखे आजार आहेत, त्यावर गोळी घेतली तर विश्वास कमी होत नाही, उलट डोकं जरा थाऱ्यावर आलं की प्रार्थनेत चित्त लागतं. आणि ताई, कधी जगणंच नको असे विचार आले तर पहाट व्हायची वाट बघू नका, १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मिस्टरांना उठवा, पाळकांना उठवा, आम्हाला रात्रीच्या फोनची सवय असते.

एकटं राहू नका हे सगळेच सांगतात, पण कुणाबरोबर राहायचं तेही निवडायला लागतं. एलीया म्हणत होता मी एकटाच उरलोय, देवाने सांगितलं मला मानणारे अजून सात हजार आहेत, आणि लगेच एका अलीशाला सोबत दिलं. सात हजार असून उपयोग नाही, एक लागतो. तुमच्या मंडळीत अशी एक बाई शोधा जी ऐकून घेते आणि बाहेर सांगत नाही, बहुतेक ती स्टेजवर दिसणारी नसते, स्वयंपाकघरात मोठी पातेली घासणारी असते. तिला आठवड्यातून एकदा घरी बोलवा, चहा करा, जे आहे ते सांगा, तिने एक स्तोत्र वाचावं, झालं. घरच्या अडचणीचं पाळकांनाही सांगा, बऱ्याच मंडळ्यांमध्ये गरजूंसाठी थोडाफार फंड असतो, किराण्यापुरती मदत होते, फिलिप्पैच्या लोकांकडून पौलाने घेतली, तुम्ही घ्यायला काय हरकत आहे.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही १ करिंथ ११ चं वचन लिहिलंय, जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो दोषी ठरेल, आणि म्हणून मनात राग असताना मी घेत नाही. आपल्या चर्चमध्ये हे वचन इतक्या जरबेने वाचतात की ज्यांना खरी गरज असते तेच बाकावर बसून राहतात. पण ते वचन पौलाने कशासाठी लिहिलं ते तिथंच वर सांगितलंय, करिंथात मंडळी जेवायला जमायची तेव्हा काही जण पुढे होऊन भरपेट खायचे-प्यायचे, झिंगायचे सुद्धा, आणि गरीब उपाशी राहायचे. त्याला तो अयोग्य म्हणतो. दुःखाने देवाशी भांडणाऱ्या बाईबद्दल ते नाहीच. पहिल्या प्रभुभोजनाला टेबलाभोवती कोण होते आठवा, काही तासांत तीनदा नाकारणारा पेत्र होता, लूकाने लिहिलंय की धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता, आणि बाकीचे रात्रीच पळून गेले. आणि 'मी आपली शांती तुम्हांला देतो' हे योहान १४ मधलं वचन येशूने त्याच रात्री, धरून देणारा उठून गेल्यावर उरलेल्या ह्याच माणसांना दिलंय, आधी सुधारा मग देतो असं म्हटलं नाही, त्यातल्या कुणाचंही मन त्या रात्री शांत नव्हतं.

तेव्हा येत्या पहिल्या रविवारी जा. शनिवारी पाळकांना फोन करून सांगा की वर्षभराने येतेय आणि मनात अजून राग आहे, म्हणजे वेदीपाशी ते तुम्हाला बघून चमकणार नाहीत. मिस्टरांना बरोबर घ्या, त्यांना बोलायला लावू नका, नुसतं शेजारी उभं राहू दे. आणि ग्रुपमधल्या त्या बाई नेमक्या शेजारी येऊन गुडघे टेकल्या तर जागा बदलू नका, पण लगेच त्यांच्या घरच्या मीटिंगला जायलाच पाहिजे असंही नाही, ते पुढे कधी जमेल तेव्हा.